आठली का तठली?

(दोंडाईचा स्टेशन. सुरतेकडून आलेली गाडी. पिशव्या, पेंगुळलेली पोरं.)

नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाई, खानदेशातल्या देवीचा सण. त्या आठवड्यात सुरतेहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. खानदेशचा कापूस याच सुरत-भुसावळ ताप्ती लाइननं गेला, मागोमाग माणसं गेली. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आता गावंच्या गावं नांदतात. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी, आणि घरात खानदेशची बोली, अहिराणी.

(ओटा. आजी मुठीनं गहू मोजतेय.)

हे रोटांचे, कानबाईच्या नैवेद्याचे, गहू. भाऊबंदांतल्या नावांप्रमाणे मुठी घ्यायच्या. सुरतवाल्यांच्याही धरल्यात. रेशनकार्डावरून नावं उडाली, रोटातून नाही.

नात बारावीला आहे. जन्म सुरतचा. महापालिकेची मराठी शाळा जवळच होती, पण बापानं गुजरातीत घातलं. तिला व्हायचंय तलाठी.

आजी विचारते, "आठली का तठली?" म्हणजे इथली का तिथली?

पोरगी हसते. पण खरी गोम तिथंच आहे. गुजरातच्या परीक्षेला गुजराती लागते, ती तिला पक्की येते. मात्र घरची अनुसूचित जमातीची सवलत तिकडे चालत नाही. एका राज्यातली जमात म्हणून दुसऱ्या राज्यात हक्क मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्येच सांगून टाकलंय. इकडे सवलत आहे, तर मराठीचा पेपर आडवा येतो. अहिराणी फाडफाड बोलते, पण मराठीत अर्ज लिहायला बसली की पेन अडतं.

काका म्हणतात, "सी. आर. पाटील बघ. जन्म जळगाव जिल्ह्यातला, खासदार नवसारीचे, 2024 ला केंद्रात मंत्री!"

"काका, निवडणुकीला व्याकरणाचा पेपर नसतो."

(सोमवार. कानबाईचं विसर्जन. डफ, गुलाल.)

संध्याकाळी बाप परत निघेल. खाडा परवडत नाही. पोरगी मात्र मागं थांबतेय. धुळ्यात क्लासची फी विचारायचीय, आणि जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी निघण्याआधीचा, पुरावा शोधायचाय. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर काम सोपं.

आजी पेटी उघडायलाही उठत नाही. सासरे कुठले शाळेत जायला! आयुष्यभर दुसऱ्याची गुरं राखली त्यांनी.

मग राहिलं कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. उद्या अकराला तहसील कचेरी. नक्कल मागायचा अर्ज मराठीत करायचाय, आणि तो तिनंच लिहायला घेतलाय.