अमेरिकेतले ‘सर’ गेले कुठे?

नमस्कार मंडळी. २०१७ मधला एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट शहर. पाचवीची मुलं वर्गाबाहेर रांगेत, दारात सर उभे. प्रत्येक मुलाशी सरांचं हस्तांदोलन वेगळं. टाळी, मूठ, मध्येच नाचाचं एखादं पाऊल. आणि सरांना एकूण एक मुलाचं पाठ!

‘किती गोड’ म्हणत मीही तो चार ग्रुपवर पाठवला होता. त्यातली खरी दुर्मीळ गोष्ट म्हणजे ते सरच होते, हे मला फार नंतर कळलं. कारण ते कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत शंभर मुलांमागे पंधराएक मुलं कृष्णवर्णीय आहेत. शंभर शिक्षकांमागे कृष्णवर्णीय पुरुष किती? एक. फार तर दोन.

आता कुणी म्हणेल, त्यांना शिकवायची आवडच नसेल. थांबा. जरा मागे जाऊ.

१७ मे १९५४. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्याचा निकाल लागला. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरलं. निकाल ऐतिहासिकच. पण अंमलबजावणी कशी झाली? काळ्यांच्या शाळांना कुलपं लागली आणि मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. मुलांच्या मास्तरांना मात्र तिथं कुणी घेईना. आपल्या मुलांना काळा माणूस शिकवणार, हे गोऱ्या पालकांना चालणार नव्हतं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडच्या १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. काल मुख्याध्यापक असलेल्या माणसाला आज घरी बसलेलं पाहून कुठला मुलगा म्हणेल, मी मास्तर होणार?

ती साखळी तिथं तुटली. ती जोडायची धडपड अलीकडची आहे. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठानं २००० च्या सुमारास ‘कॉल मी मिस्टर’ नावाचा उपक्रम सुरू केला. तेव्हा त्या राज्यात वीसेक हजार प्राथमिक शिक्षक होते आणि त्यात कृष्णवर्णीय पुरुष दोनशेसुद्धा नव्हते. उपक्रमाचं नावही विचार करून ठेवलेलं आहे. याच दक्षिणेत साठीच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरे लोक ‘ए पोरा’ म्हणायचे, ‘मिस्टर’ म्हणत नसत. इथं फीला मदत मिळते, सोबत शिकणाऱ्यांची टोळी मिळते, आणि जितकी वर्षं मदत घेतली तितकी वर्षं राज्यातल्या सरकारी शाळेत शिकवायचं. न्यूयॉर्क शहरानंही २०१५ मध्ये अशी मोहीम काढली.

याचा उपयोग होतो का? नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. अगदी गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलग्यांना तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, मग ते सर असोत की बाई, तर पुढे शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी झाली. एका शिक्षकानं!

म्हणजे करा भरती, झालं? मला सांगायचंय ते इथून पुढे आहे.

आपल्या शाळा आठवा. वांड पोरगं कुणाकडे पाठवायचे? पी. टी. च्या सरांकडे. तिथं या शिक्षकांचं हेच होतं. विषय विज्ञान असो नाहीतर इतिहास, शेजारच्या वर्गात गोंधळ झाला की पोरगं यांच्या दारात. कृष्णवर्णीय पालक आलेत? यांनाच पुढे करा. डबा खायच्या सुट्टीत पहारा? तोही यांनीच. पगारात याचा एक डॉलर नाही. ओबामांच्या काळातले शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी २०१६ मध्ये याला ‘अदृश्य कर’ म्हटलं होतं. असा कर भरून दमलेला माणूस शाळा सोडतो, आणि आपण पुन्हा भरतीची जाहिरात काढतो.

कौतुकातही हीच गोम आहे. ‘आदर्श पुरुष’, ‘बापासारखे’ असं म्हणत सत्कार होतो. अहो, गणित कसं शिकवतात तेही बघा की!

२०१९ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या रॉडनी रॉबिन्सन यांना मिळाला. बालगुन्हेगारांच्या कोठडीतल्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. त्यांच्या आईला शिक्षिका व्हायचं होतं, पण वर्णभेदाच्या त्या दिवसांत ते जमलं नाही. २०२२ मध्ये हाच मान ओहायोतल्या ओबर्लिनच्या कर्ट रसेल यांना मिळाला. हॉलिवूडचा नट नव्हे, नाव तेवढं सारखं. ते त्याच गावात शिकले आणि तिथंच पंचवीस वर्षं इतिहास शिकवत होते. आपल्याला शिकवणारे पहिले कृष्णवर्णीय सर कधी भेटले, हे ते आवर्जून सांगतात.

आठवीत. गणिताच्या तासाला.