मोंबासा ते केप टाउन : एका आराखड्याची तीन रूपे

(दृश्य : झांबेझी नदीचे रुंद पात्र आणि त्यावरचा वळलेला पूल)

झांबेझी नदीवरचा काझुंगुला पूल सरळ नाही. झांबिया आणि बोत्स्वाना यांना जोडणारा हा ९२३ मीटर लांबीचा पूल पात्रावरून जाताना धनुष्यासारखा बाकतो, आणि त्या बाकाचे कारण पाण्याच्या ओढीत किंवा तळाच्या खडकात शोधून सापडणार नाही. झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे हे चार देश येथे जवळजवळ एका बिंदूत भेटतात. झांबिया आणि बोत्स्वाना यांची सामाईक हद्द दोनशे मीटरसुद्धा भरत नाही, आणि पूल सरळ नेला असता तर त्याचा काही भाग झिंबाब्वेच्या हद्दीत पडला असता; म्हणून अभियंत्यांनी पूलच वाकवला. १० मे २०२१ रोजी तो खुला होईपर्यंत मालमोटारी तराफ्यावरून पैलतीरी जात, आणि आपली पाळी येण्यासाठी चालकांना कित्येकदा दिवसच्या दिवस काठावर मुक्काम करावा लागे.

मोटारसायकलवरून आफ्रिका पार करण्याचा आमचा आराखडाही आज या पुलासारखाच दिसतो. पुण्यात बसून आम्ही दोघांनी तो पहिल्यांदा आखला तेव्हा तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा सरळ मार्ग होता.

(दृश्य : भिंतीवरचा नकाशा, कैरोपासून खाली येणारी पेन्सिलीची रेघ)

कैरो ते केप टाउन हा या खंडावरचा सर्वांत मळलेला लांब पल्ल्याचा मार्ग आहे, परंतु बराच काळ तो सलग नव्हता. इजिप्तमधून सुदानला जायचे तर २०१४ पर्यंत अस्वानहून नासर सरोवरातून वादी हाल्फाला जाणारी आठवड्यातून एकदाची बोट हाच उपाय होता. त्यातही माणसे एका बोटीतून जात आणि गाड्या वेगळ्या तराफ्यावरून मागून येत, त्यामुळे पोहोचलेला प्रवासी आपल्या गाडीची वाट पाहत वाळवंटातल्या त्या गावात बसून राही. २०१४ मध्ये कुस्तुल–अश्कीत हा जमिनीवरचा नाका उघडला. पुढे इथिओपिया आणि केनिया यांच्यामधल्या मोयालेपासून इसिओलोपर्यंतचा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता, जो खडबडीत खाचांसाठी आणि लुटारूंसाठी कुप्रसिद्ध होता, तोही डांबरी झाला. इतक्या वर्षांत हा मार्ग एवढा सोपा कधी नव्हता, असे आम्ही २०२३ च्या सुरुवातीला एकमेकांना सांगत होतो.

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये सुदानचे सैन्य आणि निमलष्करी ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ यांच्यात युद्ध पेटले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात आणीबाणी जाहीर झाली, आणि सुदानमधून येणारा नेहमीचा रस्ता मेतेमाहून गोंदरकडे याच प्रांतातून जातो. मार्गाचा मधला दुवाच असा निखळला. ज्या देशात लाखो कुटुंबे घरेदारे सोडून पळत आहेत, त्या देशाला ‘आपल्या वाटेतला अडथळा’ म्हणण्याचा संकोच आम्हाला तेव्हाही वाटला आणि आजही वाटतो. परंतु आराखड्याच्या दृष्टीने प्रश्न तोच राहिला.

पर्याय म्हणून आम्ही पश्चिमेकडे पाहिले. मोरोक्कोतून पश्चिम सहारा, मॉरिटानिया, सेनेगल आणि पुढे गिनीच्या आखाताच्या कडेने अंगोलापर्यंत जाणारी वाट आजही वापरात आहे. त्या वाटेवरचे गेरगेरात हे ठिकाण सीमा या गोष्टीचा एक धडाच आहे. मोरोक्कोची चौकी सोडल्यानंतर मॉरिटानियाची चौकी येईपर्यंत चार-पाच किलोमीटरचा पट्टा कोणाच्याच ताब्यातला नसल्यासारखा होता. तेथे डांबर नव्हते, वाळूत मोडक्या मोटारींचे सांगाडे पडलेले असत आणि आजूबाजूला पेरलेल्या भूसुरुंगांमुळे मळलेली चाकोरी सोडता येत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे आंदोलकांनी रस्ता अडवला, १३ तारखेला मोरोक्कोचे सैन्य पुढे सरकले, आणि पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीने १९९१ पासूनची शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले. आज तेथून वाहतूक चालते. या मार्गाने आम्हाला मात्र आमच्या पारपत्रानेच जाऊ दिले नाही. वाटेतल्या बहुतेक देशांसाठी भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागतो, त्यासाठी पारपत्र दिल्लीच्या एकेका दूतावासात पाठवावे लागते, आणि अनेक व्हिसांची मुदत ते दिल्याच्या दिवसापासूनच चालू होते. हिशेब मांडल्यावर दिसले की पहिल्या देशात शिरेपर्यंत सातव्या देशाचा व्हिसा संपलेला असणार.

तिसरे रूप भूगोलानेच सुचवले. पश्चिम भारताच्या माणसाला आफ्रिकेत जायला इजिप्तचे दार कशाला हवे? न्हावा शेव्याहून केनियातल्या मोंबासाला मालवाहू जहाजे जातात. त्याच समुद्रावरून पिढ्यान् पिढ्या शिडाची गलबते जात होती, आणि १८९६ साली मोंबासाहून युगांडाकडे रेल्वे बांधायला घेतली तेव्हा हजारो भारतीय मजूर याच बाजूने उतरले होते. त्यामुळे मोटारसायकली पेटीत बंद करून मोंबासाला पाठवायच्या, आणि केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया या क्रमाने केप टाउन गाठायचे, असे ठरले.

(दृश्य : टेबलावर कार्नेची वही, एक पान उलटले जाते)

मित्रमंडळी पहिल्यांदा विचारतात ते गाडीबद्दल. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे, तिची टाकी १७ लिटरची आहे, आणि या मार्गासाठी ती पुरेशी आहे. याहून अधिक वेळ त्या विषयावर घालवावा असे आम्हाला वाटत नाही. वेळ घालवावा तो या वहीवर.

सीमाशुल्काच्या या वहीला प्रवासी ‘कार्ने’ म्हणतात. गाडी परदेशात विकली जाणार नाही, ती परत येईल, आणि न आल्यास त्या देशाची जकात भरली जाईल, अशी ही हमी आहे. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते आणि त्यासाठी आपले पैसे अडकवून ठेवावे लागतात. मुदत एका वर्षाची असते. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग असतात. देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी खालचा भाग फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा भाग दोन्ही शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. त्या वरच्या भागावर बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर गाडी घरी, पार्किंगमध्ये उभी असली तरी कागदोपत्री ती त्या देशातच राहिलेली असते, आणि हमीची रक्कम धोक्यात येते. रात्रीच्या गर्दीत, पावसात, मागचे चालक ओरडत असताना तो शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

पानांचा हिशेब करताना सीमेच्या अनिश्चिततेचा खरा अर्थ आम्हाला कळला. बोत्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका हे १९१० पासूनच्या एकाच सीमाशुल्क संघात असल्यामुळे तिघांना मिळून एक पान लागते. केनिया, टांझानिया आणि झांबिया यांची तीन धरून चार पाने पुरतात. मात्र टांझानिया आणि झांबिया यांच्यामधला तुंदुमा–नाकोंदे हा नाका, जिथे तांबे वाहणाऱ्या मालमोटारींच्या रांगा लागलेल्या असतात, तो आम्ही पोहोचू त्या दिवशी बंद असला तर म्बेयाजवळून दक्षिणेला वळून सोंग्वे नदीवरच्या कासुमुलू नाक्याने मलावीत शिरावे लागेल आणि तेथून मचिंजीमार्गे झांबियात उतरावे लागेल. म्हणजे पाचवे पान. टांझानियातून बाहेर पडल्याचा शिक्का बसला आणि समोरच्या देशाने नाकारले, तर टांझानियात परत शिरायला सहावे. आम्ही दहा पानांची वही घेतली.

हीच अडचण माणसांच्या बाबतीत अधिक बिकट होते. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा बाहेर पडताक्षणी संपतो. पुढच्या चौकीने परत पाठवले तर मागची चौकीही आत घेण्यास बांधील नसते, आणि प्रवासी दोन अडसरांमधल्या शंभर पावलांच्या जागेत उरतो. म्हणून जिथे अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळतो तिथे तोच मागायचा, जास्तीचे पैसे मोजून. ‘सीमा उघडी आहे’ या वाक्याचा अर्थही नीट विचारून घ्यावा लागतो, कारण ती स्थानिकांना पायी जाण्यासाठी उघडी असते, मालासाठी उघडी असते, आणि परक्या क्रमांकाच्या गाडीसाठी बंद असू शकते. इथिओपिया आणि एरिट्रिया यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये वीस वर्षांनी सीमा उघडली, लोक एकमेकांना मिठ्या मारून रडले, आणि काही महिन्यांतच ते नाके पुन्हा बंद झाले. अल्जीरिया आणि मोरोक्को यांची सीमा तर १९९४ पासून मिटलेलीच आहे.

आमच्या मार्गाला लोक सुरक्षित मार्ग म्हणतात. त्याच मार्गावरच्या टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ रोजी निवडणुकीच्या दिवशीच हिंसाचार उसळला, दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट खंडित झाले. ज्याचा व्हिसा, विमा आणि नकाशा तिन्ही केवळ फोनमध्ये होते, त्याची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कागदाच्या तीन छापील प्रती आहेत, आणि त्यांपैकी एक आसनाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असते.

उरलेली तयारी किरकोळ वाटते पण टाळता येत नाही. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालते, आणि ते नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवस विलगीकरणात राहावे लागू शकते. विम्यासाठी कोमेसाचे, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारसंघाचे, पिवळे कार्ड काढले की पूर्व आणि दक्षिणेकडच्या अनेक देशांत तृतीय पक्षाचा विमा एकाच कागदावर चालतो. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्याच मागून घ्याव्यात, कारण जुन्या मालिकेच्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात. आणखी एक गोष्ट, जिची आम्हाला गंमत वाटली : स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजता, असे कोणी सांगितले तर त्या वेळी सकाळचे सात वाजलेले असतात.

(दृश्य : गोदाम, लाकडी पेटीत उतरवली जाणारी मोटारसायकल)

आज पेट्या भरल्या जात आहेत. टाक्या रिकाम्या केल्या आहेत, बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्या आहेत, आरसे काढून कापडात गुंडाळले आहेत आणि पुढचे चाक वेगळे करून बाजूला बांधले आहे. मोंबासाच्या बंदरात पेट्या किती दिवस पडून राहतील हे तेथल्या क्लिअरिंग एजंटवर अवलंबून आहे, आणि प्रत्येक जादा दिवसाचे भाडे लागणार असल्यामुळे आम्ही विमानाची तिकिटे जहाज पोहोचल्याची खबर मिळेपर्यंत काढणार नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्याने चासीचा क्रमांक विजेरीच्या उजेडात वाचला, कार्नेवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा ताडून पाहिला, मधल्या एका अंकावर थांबून तो पुन्हा पुसून वाचला, आणि मग शिक्का उचलला. आम्ही दोघेही पुढे वाकून तो नीट उमटला का हे पाहिले.