वादळ आठवणारी माणसं

मंडळी, आयरिश पूर्वज शोधायला बसलं की कोणीतरी हमखास सांगतं, "कशाला वेळ घालवता, सगळं जळालं." जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना जळाला, हे खरं. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला, चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफनाची निम्म्याहून अधिक रजिस्टरंही गेली. पण १८६१ आणि १८७१ची जनगणना सरकारनेच नष्ट केली होती आणि १८८१, १८९१चा पहिल्या महायुद्धात लगदा झाला. त्याचं खापर आगीवर कशाला? कॅथलिक रजिस्टरं तर फोर कोर्ट्समध्ये नव्हतीच. नागरी नोंदणीही शाबूत आहे: बिगरकॅथलिक लग्नं एप्रिल १८४५पासून, बाकी सगळे जन्म, मृत्यू, लग्नं जानेवारी १८६४पासून.

तेव्हा घोडं कागदाअभावी अडत नाही. ते अडतं वयावर, कारण लोक कागदावरचं वय खरं मानतात.

१९०८चा वृद्धापकाळ पेन्शन कायदा घ्या. १ जानेवारी १९०९पासून सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन. सत्तरीचा माणूस म्हणजे जन्म १८३९ किंवा त्याआधीचा, आणि जन्मनोंदणी सुरू १८६४ला! दाखला आणायचा कुठून? मग अर्जदार सांगू लागले, "मला ते मोठं वादळ आठवतं." ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडभर घरांची छपरं उडाली होती. ज्याला ते आठवतं, तो सत्तरीचा असणारच. आता तान्ह्या बाळालाही वादळ आठवत असेल, तर अधिकाऱ्याने काय करावं? हसू नका, आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जूनला किती जण जन्मले ते मोजा.

परिणाम असा की १९०१च्या जनगणनेत छप्पन वर्षांची बाई १९११ला एकाहत्तरची दिसते. ही दोन माणसं समजून एकीला वंशावळीतून उडवू नका. वय दोन्हीकडे पाच वर्षं सैल धरा, म्हाताऱ्यांचं दहा. एक फायदाही झाला. वय पडताळायला १८४१ आणि १८५१च्या जनगणनेत शोध घेतले गेले, त्या शोधाचे अर्ज उरले. मूळ वह्या जळाल्या, पण अर्जावर आईबापांची नावं आणि टाउनलँड, म्हणजे गावाएवढा जमिनीचा लहानसा विभाग, सापडतं.

चिठ्ठी आली आहे, म्हणजे वेळ संपत आला. जाहीर केलेला विषय, म्हणजे आयरिश पूर्वज शोधायचे कसे, तो आता पळतच सांगतो.

सुरुवात १९०१ किंवा १९११च्या जनगणनेतून करा. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिथून टाउनलँड आणि धर्म घ्या. मग लग्नाची नागरी नोंद. तिच्यात दोन्ही बापांची नावं असतात. वयाच्या जागी नुसतं 'सज्ञान' असेल तर एकवीस किंवा वर, एवढंच समजा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत, होई. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं, आणि ढीगभर मर्फींतून तुमचा मर्फी तेच वेगळा काढतं. मृत्यूच्या नोंदीत आईबाप नसतात, तिथे कपाळ आपटू नका.

पुढे टाउनलँडवरून कॅथलिक पॅरिश ठरवा. ती नागरी पॅरिशशी, म्हणजे त्याच नावाच्या सरकारी विभागाशी, जुळतेच असं नाही, आणि नोंदणी जिल्हा कधीकधी काउंटीची हद्दही ओलांडतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८०पर्यंतच्या कॅथलिक रजिस्टरांची पानं खुली ठेवली आहेत, पण तिथे नावाने शोध नाही, महिना-वर्ष धरून पानं चाळायची. नावं अनेकदा लॅटिनमध्ये: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. आडनावापुढचा 'ओ' येतो-जातो, सलिव्हन आणि ओ'सलिव्हन एकच घर असू शकतं. बाप्तिस्मा मार्चमध्ये आणि जन्म एप्रिलमध्ये दिसला, तर गोंधळू नका. उशिरा नोंदवल्याचा भुर्दंड नको म्हणून बाप तारीख पुढे ढकले. बाप्तिस्म्याची खरी धरा. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, त्यांत मामा-मावशा सापडतात.

पूर्वज मुंबई इलाख्यात शिपाई असेल तर आधी लंडन गाठा. इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस या जुन्या ब्रिटिश खात्याच्या दप्तरातल्या एन/३ मालिकेत आहेत. आयर्लंडमधलं गाव मात्र लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ ९७ या डिस्चार्ज कागदांत शोधायचं, कारण पेन्शनीत निघालेल्या शिपायाची जन्माची पॅरिश त्यात लिहिलेली असते. म्हणजे पुन्हा पेन्शनच.