पिस्तूल नसलेला बाँड

मंडळी, आधी एक खुलासा. बाहेरच्या फलकावर नुसतंच ‘बाँड आणि समुद्र’ छापलंय. पहिल्या रांगेतल्या मुलांनो, हा पिस्तूलवाला नव्हे. हा जॉर्ज बाँड. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात बॅट केव्ह नावाच्या गावी डॉक्टरकी करायचा. बॅट केव्ह म्हणजे वटवाघळांची गुहा. नाव मी रचलेलं नाही. १९५३ मध्ये हा गडी नौदलात गेला. पाणबुडे त्याला ‘पापा टॉपसाइड’ म्हणत, म्हणजे वर बसून काळजी वाहणारा बाप.

माझी जुनी तक्रार अशी, की समुद्राखालच्या घरांचा विषय निघाला की लोकांना लाल टोपीवाला फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोच आठवतो. १९६२ मध्ये मार्सेजवळ त्याची दोन माणसं आठवडाभर पाण्याखाली राहिली, हे खरं. पण दहा मीटरवर! मालवणला जाऊन आलेले हात वर करा बघू. हं, तुम्ही जेवढे खाली गेलात ना, जवळपास तेवढंच.

आता माझी आवडती गोष्ट. १९६५, कॅलिफोर्नियात ला होयाच्या किनाऱ्यासमोर बाँडचं समुद्राखालचं घर ‘सीलॅब २’, ६२ मीटर खोल. त्यात स्कॉट कार्पेंटर तीस दिवस राहिला. हा आधी अवकाशात जाऊन आलेला. खालून त्याने जेमिनी ५ या अवकाशयानातल्या गॉर्डन कूपरशी गप्पाही मारल्या. बाहेर आल्यावर तो दाबाच्या टाकीत असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी फोन जोडायचा ठरला. टाकीत हीलियम. हीलियममध्ये भारदस्त माणूसही चिमणीसारखा किलबिलतो. फोन जोडणारे गोंधळले, पण जॉन्सन मात्र सगळं कळल्यासारखं अभिनंदन करत राहिले. कीर्तनात शेवटच्या रांगेतले मान डोलवतात ना, तसं. याचं ध्वनिमुद्रण आहे. मी घरी इतक्यांदा लावलंय की बायको आता... चिठ्ठी? पाच मिनिटं? अहो, मुद्दा अजून यायचाय!

बरं, झटपट. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला वायू अंगात विरघळतो. घाईने वर आलात, तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतं तेच रक्तात होतं. म्हणून वर यायचं थांबत थांबत, आणि खाली जितका जास्त वेळ तितकं थांबणं जास्त. बाँड म्हणाला, अंगाला एक मर्यादा असेलच ना? साखर पाण्यात किती विरघळेल? एकदा अंग भरलं की पुढे दिवस राहा नाहीतर महिना, वर यायचा वेळ तोच. ढोबळमानाने तीस मीटरला एक दिवस, शिवाय आणखी एक. मग रोज वर यायचंच कशाला? खालीच राहायचं. १९५७ पासून त्याने हे आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासलं. १९६४ मध्ये बर्म्युडाजवळ ‘सीलॅब १’मध्ये चौघे अकरा दिवस राहिले, तीन आठवडे राहायचे होते, वादळाने उठवलं.

१९६९ मध्ये ‘सीलॅब ३’, १८६ मीटर. घरातून वायू गळत होता. दुरुस्तीला गेलेला पाणबुड्या बेरी कॅनन खालीच दगावला. कार्यक्रम गुंडाळला. १९८३ मध्ये बाँडही गेला.

घरं गेली, गणित राहिलं. मुंबई हायला तेलाच्या नळांवर खोल काम करणारे पाणबुडे जहाजावर दाबाच्या खोलीतच जेवतात, झोपतात. घंटेत, म्हणजे पाण्यात सोडायच्या दाबबंद डब्यात बसून कामावर जातात आणि तसेच परततात. त्यातल्या एकाला मी मोठ्या उत्साहाने विचारलं, बाँड माहीत आहे का?

तो म्हणाला, “कुठला, नवा की जुना?”