बंद गाडी आणि पेट्रोलची वाट

नमस्कार, श्रोतेहो. वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढली, की बहुतेकांचा पहिला उद्योग ठरलेला: टाकीत ताजं पेट्रोल ओतायचं आणि घाम फुटेपर्यंत किक मारत सुटायचं. कृपा करून एवढं टाळा. त्या पेट्रोलबरोबर टाकीच्या तळचा गंज आणि गाळ थेट कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, उतरतो.

आधी झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलमधला पटकन उडणारा भाग केव्हाच उडून गेलेला असतो. उरलेल्याला आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि गंज धरतो. हे सगळं पेट्रोल काढून टाका, पण गटारात नको. काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीची वायर सोडवून, विडीकाडी लांब ठेवून.

टाकी धुतलीत, टाकीखालच्या कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या नळाची, जाळी साफ केलीत, की कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपचं टोक बाटलीत सोडून कॉक उघडा. धार जोरात लागली आणि बारीक होत होत थांबली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडताच धार पुन्हा लागते. या टीचभर भोकापायी लोक अख्खं कार्बोरेटर विनाकारण खोलतात!

खरा चोर मात्र बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे इंजिन संथ चालताना ज्यातून पेट्रोल येतं ती कार्बोरेटरमधली छोटी पितळी नळी. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा आधी तिथेच बसतो. जेट उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसलाच पाहिजे. तार खुपसायचा मोह होईल, पण पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं तर गाडी जास्त पेट्रोल पीत राहील. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. रबरी रिंगा आणि डायफ्रॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा, आधी बाजूला काढा, क्लीनरने ते फुगतात. एअर स्क्रू, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, सोडवण्यापूर्वी तो टेकेपर्यंत अलगद आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. बसवताना टेकेपर्यंत आत, मग तेवढेच फेरे बाहेर.

जोडणी झाल्यावर कॉक उघडून थोडं थांबा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पेट्रोल ठिबकलं, तर फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई, नीट बसत नाहीये. किकला हात, म्हणजे पाय, लावू नका. आणि गाडी चोकवर, म्हणजे थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या खटक्यावर, चालली, पण इंजिन गरम झाल्यावरही चोक काढताच बंद पडली, तर पायलट जेट पुन्हा उजेडाकडे धरा.