आरव्ही गावाबाहेर, कॅमेरा मेन स्ट्रीटवर

मंडळी, नमस्कार. अमेरिकेतल्या आडरस्त्यांवरच्या छोट्या गावांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. गंजलेला पिकअप, फळ्या ठोकलेली दुकानाची खिडकी, बंद पडलेला गॅस पंप. यात खोटं काही नसतं, पण फोटो काढणारा तिथे जेमतेम वीस मिनिटं थांबला होता एवढंच त्यातून कळतं. ज्याच्याकडे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, आहे त्याला ही घाई करायचं कारण नाही. गाडीतच झोपायची सोय असल्यामुळे एकाच गावात संध्याकाळचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा, असे दोन्ही उजेड मिळतात. आज मी जे सांगणार आहे ते या मुक्कामाभोवतीच आहे.

आधी रस्ता. यूएस क्रमांकाच्या रस्त्यांना १९२६ साली क्रमांक दिले गेले. विषम क्रमांक उत्तर-दक्षिण, सम क्रमांक पूर्व-पश्चिम. आकडा पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतो. म्हणून यूएस २ कॅनडाच्या सीमेच्या अंगाने जातो. १९५६च्या कायद्यानंतर इंटरस्टेट, म्हणजे राज्यांना जोडणारे जलद महामार्ग, बांधले गेले, त्यांचे आकडे बरोबर उलट्या दिशेने वाढतात आणि ते बहुतेक गावांना वळसा घालून जातात. आपल्याला वळसा नको, मधला रस्ता हवा. फाट्यावर क्रमांकाच्या डोक्यावर ‘बिझनेस’ असं लिहिलेलं दिसलं की तो फाटा जुन्या बाजारपेठेतून जातो, बिनदिक्कत तिकडे वळा. नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत सरळ खाली उतरणारा यूएस ८३ किंवा कॅन्ससच्या उत्तर भागातला यूएस ३६ घेतला तर ठरावीक अंतराने गावं लागत जातात. शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य आणून त्याच दिवशी घरी परतता यावं, अशा हिशेबाने रेल्वे कंपन्यांनी तिथे स्टेशनं ठेवली होती. एका दिवसात अशी दहा गावं सहज ‘होतात’. करू नका. दोन पुरेत.

आता गाडी. मेन स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावर, तिरकं पार्किंग असतं आणि त्यातली जागा साधारण १८ ते २० फूट लांबीची असते. क्लास बी म्हणजे व्हॅनसारखी आरव्ही तिथे जेमतेम मावते. २४ फुटांची क्लास सी, म्हणजे त्याहून मोठी आरव्ही, लावली तर मागचा भाग वाहत्या रस्त्यात येतो. शिवाय साडेआठ फूट रुंदीची पांढरी भिंत तुमच्याच फ्रेममध्ये उभी राहते आणि दुकानदाराची पाटी झाकते ती वेगळीच. गाडी दोन ब्लॉक बाजूला, समांतर पार्किंगच्या गल्लीत किंवा फेअरग्राउंडपाशी, म्हणजे जत्रेच्या मैदानापाशी, ठेवा आणि चालत या. कॅन्सस-नेब्रास्काकडच्या काही गावांनी सार्वजनिक बागेतच आरव्हीसाठी विजेची जोडणी ठेवलेली असते, पैसे पेटीत टाकायचे. ग्रेन एलेव्हेटरच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराच्या, आवारात मात्र गाडी कधीही लावू नका. हंगामात तिथे ट्रकची रांग लागते आणि तुम्ही वजनकाट्याची वाट अडवून बसता.

जुन्या रस्त्यांवर दोन आकडे डॅशबोर्डवर चिकटवलेलेच हवेत, उंची आणि वजन. उंची छतावरच्या एसीसकट, फूट आणि इंचांत. रेल्वेखालचे जुने पूल फार ठेंगणे असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमचा ११ फूट ८ इंचांचा पूल ट्रकची छपरं सोलण्यासाठी इतका बदनाम झाला की २०१९ मध्ये तो आठ इंचांनी उचलावा लागला. वजनाचं म्हणाल तर भरलेली क्लास सी सहा-सात अमेरिकन टनांपर्यंत जाते. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) खडीच्या रस्त्यावरच्या पुलाला ५ टनांची पाटी असेल तर मागे फिरायचं, मग पलीकडचं चर्च कितीही देखणं असो. टाकीतलं पाणीही हिशेबात धरा. ४० गॅलन म्हणजे जवळजवळ ३३५ पौंड. ‘मिनिमम मेन्टेनन्स रोड’, म्हणजे जेमतेम देखभालीचा रस्ता, ही पाटी कोरड्या हवेत निरुपद्रवी वाटते, पण पावसानंतर डकोटा-मोंटानाची चिकणमाती चाकांना अशी धरते की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गावात शिरल्यावर कॅमेरा काढण्याआधी गावाचा आराखडा वाचायचा. मैदानी प्रदेशातल्या रेल्वेच्या गावांत नेहमी दिसणारा एक आराखडा टी अक्षरासारखा आहे. रूळ ही आडवी रेघ, मेन स्ट्रीट ही त्यातून निघालेली उभी रेघ आणि दोन्ही मिळतात तिथे ग्रेन एलेव्हेटर. अशा गावात रुळांपासून दूरच्या टोकाला जाऊन रुळांकडे तोंड करून उभं राहा. एलेव्हेटर रस्त्याचा शेवट बंद करतो. ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावली की तो दुकानांच्या डोक्यावर आल्यासारखा दिसतो आणि गाव कशावर जगतं ते एका चित्रात येतं. हा फोटो सकाळी लवकर घ्या. दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि टेलिफोटोमध्ये सगळं मऊ दिसतं. लोक त्याचा दोष लेन्सला देतात.

दुसरा आराखडा कोर्टहाउस चौकाचा. मधल्या ब्लॉकवर काउंटीचं कोर्टहाउस, चारही बाजूंनी दुकानं. टेनेसीतल्या शेल्बीव्हिलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात रस्ते चौकाच्या कोपऱ्यांवर येऊन मिळतात. म्हणजे कुठल्याही रस्त्याच्या मधून सरळ पाहिलं तरी कोर्टहाउस समोर येत नाही, ते बाजूला राहतं. तिथे समोरून सममित फोटो काढण्याचा हट्ट धरला की झाडं, खांब, स्मारकाची तोफ असं सगळं आड येतं. चौकाच्या कोपऱ्यावर उभं राहून दोन बाजू एकदम घ्या. वेळ नीट निवडली तर एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत मिळते, त्यामुळे इमारतीला घडीव आकार येतो. टेक्सासमध्ये २५४ काउंटी आहेत, म्हणजे या एकाच विषयावर किती काम पडलंय बघा.

उजेडाचं गणितही आराखड्यातच लपलेलं असतं. १७८५च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडची जमीन एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजायला सुरुवात झाली, म्हणून तिथले बरेच रस्ते नेमके उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम धावतात. रेल्वेने आखलेली गावं मात्र रुळांना समांतर असतात, म्हणजे कधीकधी तिरकी. होकायंत्र पाहूनच ठरवा. उत्तर-दक्षिण मेन स्ट्रीट सोपा. पूर्वेकडे तोंड असलेली दुकानं सकाळी, पश्चिमेकडची संध्याकाळी. पूर्व-पश्चिम रस्ता अवघड. दक्षिणाभिमुख दुकानांना दिवसाचा बराच वेळ ऊन मिळतं, पण उत्तराभिमुख दुकानं हिवाळाभर सावलीत असतात. ४० अंश अक्षांशावर जूनच्या अखेरीस सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारे ३० अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेला मावळतो. त्या काळात पहाटे आणि अगदी संध्याकाळी या उत्तराभिमुख भिंतींवर घासून जाणारा उजेड पडतो. विटांचे थर, पुसट झालेल्या जुन्या जाहिराती, ठोकलेल्या पत्र्याची नक्षी हे सगळं तेव्हाच उठून येतं. बाकीच्या महिन्यांत ढगाळ दिवसाची वाट पाहणं बरं. निळ्या आकाशाखालच्या सावलीत विटा जांभळट दिसतात आणि व्हाइट बॅलन्स सुधारायला गेलं की आकाश बिघडतं.

पत्र्यावरून आठवलं. दुकानांच्या वरच्या मजल्यावरची सुबक कंगोरेदार नक्षी पुष्कळदा दगडाची नसते. ती सेंट लुइसचे मेस्कर ब्रदर्स किंवा इव्हान्सव्हिलचे जॉर्ज मेस्कर यांच्या कारखान्यातून रेल्वेने आलेल्या पत्र्याची असते. दरवाज्याशेजारच्या लोखंडी खांबाच्या पायथ्याशी कारखान्याच्या नावाची पट्टी शोधा. तिचा एक जवळचा फोटो हवाच, कारण त्यावरून दर्शनी भाग कुठून आला ते कळतं.

लेन्स निवडताना अंदाज नको, हिशेब करा. दुकानाचा एक गाळा २५ फुटी आहे असं समजा आणि तुम्ही दर्शनी भागापासून ८० फूट, म्हणजे २४ मीटर दूर, समोरच्या फुटपाथवर आहात. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर) ३५ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली की रुंदीत साधारण तीन गाळे बसतात. पण कॅमेरा समतल ठेवला तर डोळ्याच्या उंचीवरून जमिनीपासून फक्त दहा मीटरच्या आसपास उंचीपर्यंतचं दिसतं. दुमजली इमारतीचं कंगोरं त्याच सुमाराला संपतं, म्हणून हात आपसूक कॅमेरा वर उचलतो आणि भिंती आत झुकू लागतात. उपाय तीन. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता चित्र वर सरकवणारी, जी उत्तम पण महाग. २४ मिलिमीटरने समतल घेऊन खालचा डांबराचा भाग कापणं, त्यात वरची मर्यादा साडेतेरा मीटरवर जाते. किंवा ३५ उभी धरून दोन-दोन गाळ्यांचे फोटो घेत पुढे सरकणं. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण संपूर्ण ब्लॉकची नोंद होते. दर वेळी एक गाळा चालत सरकायचं, कॅमेरा भिंतीला समांतर, पातळी दाखवणारी रेष चालू, एक्स्पोजर मॅन्युअल. ऑटोवर ठेवलात तर पांढऱ्या रंगाच्या दुकानाशेजारचं विटांचं दुकान वेगळ्याच दिवसाचं वाटतं. उभ्या केलेल्या गाड्या नको असतील तर रविवारी सकाळी सहा-साडेसहाला. आरव्हीच्या छतावर चढून उंची मिळवायचा मोह अनेकांना होतो, पण सगळी छपरं माणसाच्या वजनासाठी बनवलेली नसतात. कंपनीच्या पुस्तिकेत पाहून मगच चढा, दव पडल्यावर तर मुळीच नको.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थिएटरची आणि डायनरची निऑन पाटी उजेडात आकाशाच्या तोलाची होते. ट्रायपॉड आधीच लावून ठेवा. निऑनचा लाल रंग फसवतो. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र कधीच जळून गेलेला असतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहा आणि एक ते दीड स्टॉप कमी घ्या. बँकेबाहेरच्या एलईडी पाटीवर वेळ आणि तापमान दिसतं, तिथे जलद शटरला आकड्यांचे तुकडे गळतात, कारण ते दिवे आळीपाळीने पेटत असतात. १/३० किंवा त्याहून हळू ठेवा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचे पट्टे टाळायलाही १/६० किंवा १/३० चालतं. भारतात सेट केलेला कॅमेरा ५० हर्ट्झच्या अँटी-फ्लिकरवर असतो, तो बदलायला लोक हमखास विसरतात.

आता जुन्या फोटोंबद्दल. १९३५ ते १९४४ या काळात रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली सरकारी फोटोग्राफरांनी अमेरिकेचा ग्रामीण भाग टिपला. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि संकेतस्थळावर पाहता येतात. यूएस ६० वरच्या न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनमध्ये रसेल ली यांनी १९४० मध्ये केलेलं काम त्यातच आहे. जोडीला सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा. प्रत्येक इमारत ५० फुटांना एक इंच या प्रमाणात काढलेली. गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड, निळं म्हणजे दगड. आज रिकामी दिसणारी जागा एकेकाळी लाकडी हॉटेल होती हे नकाशाच सांगतो. जुन्या फोटोच्या जागेवरून नवा घ्यायचा असेल तर लेन्सची चिंता नंतर करा, आधी उभं राहण्याची जागा पक्की करा. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक दूरची खूण निवडा. समजा, छज्जाचा कोपरा आणि मागची चिमणी. दोघांमधलं अंतर जुन्या चित्राप्रमाणे होईपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग पुढे-मागे. फ्रेम नंतर कापता येते, चुकलेली जागा दुरुस्त करता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक फुटपाथवरून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो काढायला अमेरिकेत मुभा आहे. भिंतीवरच्या नव्या म्युरलचा, म्हणजे भित्तिचित्राचा, कॉपीराइट मात्र चित्रकाराकडे असतो, त्याचा फोटो विकताना अडचण येते. रूळ रेल्वेच्या मालकीचे, त्यावर उभं राहणं म्हणजे घुसखोरी आणि जीवाला धोकाही. टेक्सास, मिसुरीसारख्या राज्यांत कुंपणाच्या खांबावरचा जांभळा पट्टा म्हणजे ‘आत येऊ नये’. पोस्ट ऑफिसमध्ये १९३४ ते १९४३ या काळात सरकारी योजनेत काढलेली भित्तिचित्रं अजून टिकून आहेत, पण आत फोटो काढण्याआधी पोस्टमास्टरची परवानगी घ्या. एलेव्हेटरवरही वजनकाट्याच्या खोलीत जाऊन विचारा. गव्हाची कापणी कॅन्ससमध्ये जूनच्या मध्यावर भरात येते, तेव्हा माणसं घाईत असतात, तरी विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. आत मात्र शिरू नका. धान्याची धूळ स्फोटक असते.

सामानाचं दोन वाक्यांत उरकतो. खडीवरच्या हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू ढिले होतात आणि मागच्या दरवाज्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते, म्हणून कॅमेरा फोममध्ये आणि बंद पिशवीत, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते, म्हणजे लॅपटॉप आणि कॅमेऱ्याची बॅटरी रोज चार्ज करूनही भरपूर उरते. फक्त शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करू नका.

आणि नोंद रोज रात्री, गाव सोडण्याआधी. गाव, काउंटी, राज्य, रस्ता, जवळचा कोपरा आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला. जीपीएस फार तर तुम्ही कुठे उभे होतात ते सांगतो, पाहत कुठे होतात ते सांगत नाही. तीन गावांनंतर सगळ्या मेन स्ट्रीट एकमेकींत मिसळतात. दुकानाच्या पाटीवरचं नाव, बंद असेल तर काचेवरच्या पुसट अक्षरांतलं नावही लिहून ठेवा. प्रती दोन ड्राइव्हवर, त्यातला एक गाडीबाहेर जाताना खांद्यावरच्या पिशवीत.