त्याचं नाव काय होतं?

(मंडळाच्या सप्टेंबर मेळाव्यातलं भाषण, वाचनासाठी थोडं संपादित. बोलताना घेतलेली घरातली आणि शेजारच्या कुटुंबातली नावं त्यांच्या इच्छेनुसार इथे छापलेली नाहीत.)

नमस्कार मंडळी.

पितृपक्षात मेळावा ठेवावा की नाही यावर कार्यकारिणीत बराच काथ्याकूट झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हाच रविवार मिळावा म्हणून मी हट्ट धरला होता. कारण सांगते. सप्टेंबरचा शेवटचा रविवार हा या देशात, म्हणजे अमेरिकेत, गोल्ड स्टार मदर्स डे असतो. सैन्यात गेलेलं मूल जिने गमावलं, तिचा दिवस. १९३६ पासून तो पाळला जातो. आणि परवा मंगळवारी आपली चतुर्दशी आहे. घरी गेल्यावर पंचांग उघडून बघा, त्या दिवशी लिहिलेलं असतं : ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’. शस्त्राने ज्यांना मरण आलं त्यांचं पितृपक्षातलं श्राद्ध या दिवशी करतात, मग ते गेले ती तिथी कोणतीही असो. दोन देशांनी, दोन रीतींनी याच माणसांसाठी दिवस राखून ठेवलेत आणि यंदा ते दोन दिवसांच्या अंतराने आलेत. मला तो योग सोडवला नाही.

चतुर्दशी माझ्या लक्षात आहे ती आजीमुळे. आजी म्हणजे आईची आई. गाव सातारा तालुक्यातलं. त्या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस फौजेत, ही जुनी गोष्ट. माझा मामाही गेला आणि १९७१ च्या लढाईत पडला. आई तेव्हा लहान होती, पण तिला सगळं आठवतं. पोस्टमन तार घेऊन आला, ओट्यावर बसला आणि त्याने आधी पाणी मागितलं. घरात वाचता येणारं मोठं माणूस नव्हतं. तार त्यालाच वाचून दाखवायची होती आणि त्याच्याने वाचवेना.

आज पार्थिव तिरंग्यात लपेटून गावात येतं, सगळा गाव लोटतो. ही पद्धत बहुतांशी १९९९ च्या कारगिल युद्धापासून पडली. त्याआधी अंत्यसंस्कार तिकडेच होत. आईच्या वाट्याला यायची ती तार, आणि मागाहून ट्रंक.

आमच्याकडेही ट्रंक आली. पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत एक लोकरी जर्सी होती, दाढीचं सामान होतं, अर्धी झिजलेली साबणाची वडी होती आणि आजीचीच पत्रं होती. तिने शाळामास्तरांकडून लिहून घेतलेली सगळी अंतर्देशीय पत्रं त्याने सुतळीने बांधून ठेवली होती. ती तिची तिला परत आली. घरात जागेची टंचाई असताना त्या ट्रंकेत धान्य, कपडा काही कोणाला ठेवू दिलं नाही तिने. साबणाची वडी फडक्यात बांधून ठेवली होती. मी लहानपणी एकदा ते फडकं सोडलं, तेव्हा वडीला तडे गेले होते आणि वास काहीच येत नव्हता. आजी रागावली नाही. माझ्या हातातून घेतली, परत गाठ मारली.

चतुर्दशीला ती एक जादा पान वाढायची. आजोबा त्यांचा विधी करायचे, गोत्र आणि नाव घेऊन पाणी सोडायचे. तो त्यांचा भाग. आजी मात्र दाराशी उभी राहून, शेतावरून पोराला बोलवावं तशी नाव घेऊन मोठ्यांदा हाक मारायची, “ये रं, पान वाढलंय.” वर्षातून एकदा ते नाव आमच्या घरात इतक्या मोठ्या आवाजात घेतलं जायचं. एरवी कोणी उच्चारत नसे. आजीला त्रास होईल, म्हणून. मला आज वाटतं, ती वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघत असेल.

आमच्या भागात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. एका गावाचे, सेहेचाळीस! इंग्रज सरकारने त्यांचं स्मारक उभारलं. कोकणात, देशावर अशा संगमरवरी पाट्या अनेक गावांत आहेत. चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेल्या असतात. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, एवढंच. आकडा असतो, नाव नसतं. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मेलेल्या पोराच्या आईने त्या पाटीवर कुठे हात फिरवायचा?

आता इथली गोष्ट. वॉशिंग्टनच्या ग्रेस सायबोल्ड यांचा मुलगा जॉर्ज पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. अमेरिकन असूनही ब्रिटिशांच्या हाताखालच्या तुकडीत होता. १९१८ च्या उन्हाळ्यात त्याची पत्रं यायची थांबली. ब्रिटिशांच्या ताब्यातली बाब म्हणून अमेरिकन अधिकाऱ्यांकडून काही कळेना. तेव्हा या बाई जखमी सैनिकांच्या इस्पितळांत जाऊ लागल्या. एखादा ओळख हरवलेला जखमी आपला जॉर्ज निघेल, ही आशा. तो निघाला नाही, पण बाई जात राहिल्या, दुसऱ्यांच्या मुलांजवळ बसत राहिल्या. त्याच्या वस्तूंची पेटी मात्र घरच्यांना आली, वर लिहिलेलं होतं, मृत अधिकाऱ्याच्या वस्तू. २६ ऑगस्टलाच फ्रान्समध्ये त्याचं विमान पडलं होतं. पार्थिव कधीच सापडलं नाही. त्यांची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची ट्रंक आली.

याच ग्रेसबाईंनी आपल्यासारख्या आया गोळा केल्या. १९२८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये पंचवीस जणी जमल्या आणि गोल्ड स्टार मदर्स ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. गोल्ड स्टार म्हणजे काय, तेही सांगते. ज्या घरातलं माणूस सैन्यात आहे त्या घराच्या खिडकीत एक छोटा झेंडा लावतात, लाल किनार, मध्ये पांढरं आणि त्यावर एकेका माणसासाठी एकेक निळी चांदणी. ही पद्धत १९१७ सालची. माणूस कामी आला की निळी चांदणी उसवून काढत नाहीत. तिच्यावरच थोडी लहान सोनेरी चांदणी शिवतात. कडेने निळी किनार दिसत राहते. तो होता, सैन्यात गेला होता, हे त्या किनारीत राहतं.

या देशाने आयांसाठी एक मोठी गोष्ट केली. १९३० ते १९३३ या काळात सरकारी खर्चाने साडेसहा हजारांहून अधिक आया आणि विधवा युरोपात नेल्या, मुलांच्या आणि नवऱ्यांच्या थडग्यांपाशी. मंदीचे दिवस होते. कित्येक जणी साठी उलटलेल्या, गावाबाहेर न पडलेल्या. पण त्याच यात्रेत काळ्या आयांना वेगळ्या तुकड्यांत, वेगळ्या, हलक्या दर्जाच्या बोटींनी पाठवलं. निषेध झाला, काही जणींनी जायलाच नकार दिला. मुलाच्या कबरीपर्यंत जायची आयुष्यातली एकच संधी आणि ती नाकारायची! त्या बायकांपुढे मी मनातल्या मनात कितीदा तरी हात जोडले आहेत.

अजून एक घटना आपण स्थलांतरितांनी विसरू नये. २००५ साली न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या एका फिलिपिनो आईचा अर्ज या संघटनेने नाकारला होता. मुलगा अमेरिकन सैनिक म्हणून अफगाणिस्तानात कामी आला, पण आई अमेरिकेची नागरिक नाही, म्हणून. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी संघटनेने नियम बदलला. आज या सभागृहात ग्रीन कार्डावरच्या किती आया बसल्या आहेत? आपल्याही घरांतली मुलं आता इथल्या सैन्यात जायला लागली आहेत. ती गोष्ट माझ्या लेखी आपल्या घरातली आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभी आहे ती सांगते. मला त्याची आजही लाज वाटते.

आमच्या घरासमोर एक बाई राहतात. त्यांच्या खिडकीत तो झेंडा आहे, एका चांदणीचा, सोनेरी. मी तिथे राहायला गेल्यापासून तो बघतेय. अर्थ मला माहीत होता. दर दिवाळीला मी फराळाचं ताट देऊन यायचे, ताट परत येताना त्यात त्यांनी केलेली बिस्किटं असायची. हवा, बर्फ, टोमॅटोची रोपं, सगळं बोलायचो. अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, की तो झेंडा कोणाचा. त्यांना त्रास होईल, म्हणून. आमच्या घरात आजीला जी वागणूक मिळाली, तीच मी समुद्र ओलांडून इथे घेऊन आले होते.

मग आई सहा महिन्यांसाठी आली. दिवाळीला ताट घेऊन ती माझ्याबरोबर समोर गेली. बैठकीत गणवेशातल्या मुलाचा फोटो होता. आईला इंग्रजी येत नाही. ती सरळ फोटोपाशी गेली, हातानेच विचारल्यासारखं करून सातारी मराठीत म्हणाली, “लेक व्हय तुमचा? नाव काय ह्याचं?” मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. बाईंनी नाव सांगितलं. आईने तो उच्चार दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा तिला जमला. जमल्यावर त्या बाईंनी आईचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. नंतर तासभर आम्ही तिथे होतो. तो अंड्यातला पिवळा भाग बाजूला काढायचा. पोहायला शिकायला घाबरायचा. घरी येणार असला की गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत यायचा. मी भाषांतर करत होते, पण त्या दोघी माझ्याकडे बघतच नव्हत्या.

निघताना बाई मला म्हणाल्या, “आता त्याचं नाव कोणी माझ्यासमोर घेतच नाही. मी ते घरात एकटीच मोठ्यांदा म्हणते.” मला आजी दाराशी उभी दिसली.

प्रत्येक आईला बोलायचंच असतं असं मी म्हणणार नाही. आपल्याच व्हर्जिनियातल्या गझाला खान तुम्हाला आठवत असतील. पाकिस्तानातून आलेलं कुटुंब. मुलगा, कॅप्टन हुमायूं खान, २००४ साली इराकमध्ये आपल्या सैनिकांना मागे थांबवून स्फोटकांच्या गाडीकडे एकटा पुढे गेला आणि कामी आला. २०१६ मध्ये एका मोठ्या व्यासपीठावर नवरा बोलत असताना त्या शेजारी गप्प उभ्या होत्या आणि त्या गप्प राहण्यावरून त्यांना काय काय ऐकावं लागलं! मागे मुलाचा फोटो होता, त्यांच्याने बोलवलंच नसतं. तिकडे पार्ल्याच्या अनुराधा गोरे. मुलगा कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये कामी आला, आणि या माउली शाळाशाळांतून मुलांशी बोलत फिरल्या. एक गप्प राहते, एक बोलते. ते तिचं तिने ठरवायचं. आपण मात्र आपल्या भीतीपोटी तिच्या वतीने ठरवून मोकळे होतो.

आपला ‘वीरमाता’ हा शब्द मला मनापासून प्रिय आहे. पण तो घाईने वापरलेला मला आवडत नाही. शाल, श्रीफळ, ‘तुमचा मुलगा अमर झाला, रडायचं नाही’, आणि पुढचा कार्यक्रम. आजीला असं म्हणणारे पुष्कळ येऊन गेले. मामाला लहानपणी कशाची भीती वाटायची, हे तिला कोणी विचारलं नाही.

जाता जाता एक. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर माहीत नाही, तिथल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ साली मोंटोने गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, एक सूर्यघडी. सावली सरकते तशी वेळ दाखवणारी. जवळजवळ ऐंशी वर्षांनी इटलीतल्या डोंगरावरच्या गावाला कोकणातल्या पोराचं नाव घ्यावंसं वाटलं. मोंटोनेचे लोक ‘घाडगे’ कसं उच्चारत असतील, हे एकदा मला तिथे जाऊन ऐकायचं आहे.

आज आपण दीपप्रज्वलनाच्या जागी नावं घेणार आहोत. तुमच्या घरातलं, गावातलं, इथल्या शेजारातलं कोणी असेल, भारताच्या सैन्यातलं किंवा इथल्या, तर उभं राहून फक्त नाव सांगा. जमलं तर त्याची एखादी सवय सांगा. नाही जमलं तर नुसते उभे राहा, आम्ही थांबू. समोरच्या घरातल्या बाई आज आल्या आहेत, तिसऱ्या ओळीत, माझ्या आईशेजारी.

मी मामाचं नाव घेते. त्यानंतर माइक तिसऱ्या ओळीत द्या.